डाव्या हातातली पुडी

मला एका जागी बसवत नाही. हे मी कौतुकानं सांगत नाही, दुखणंच आहे ते. माहेरी आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे, ही ज्या घरात जाईल त्या घरची जमीन झिजणार. जमीन झिजली नाही, कारण भूकंपानंतर सास्तुरात आम्हाला मिळालेल्या घराला फरशी आहे. झिजले ती मीच. आणि गेल्या हिवाळ्यातले ते चाळीस दिवस मी घरातल्या घरात इतकी चालले, की तेवढ्या चालीत पायी तुळजापूरला जाऊन दर्शन घेऊन परत आले असते.

कारण एकच होतं. माझे सासरे जेवत नव्हते.

आमच्याकडं सासऱ्यांना मामा म्हणतात. मामांना दिवाळी झाल्यावर लकवा मारला. सकाळी शेरडं सोडायला गेले आणि गोठ्याच्या दारातच बसले, ते उठलेच नाहीत. उजवी बाजू गेली. धाराशिवच्या दवाखान्यात बारा दिवस काढले, त्यातले आठ दिवस नाकात नळी. नळीतून दूध, नळीतून पाणी. दोनदा त्यांनी डाव्या हातानं ती उपसून काढली, मग तो हातही कॉटला बांधला. घरी आणलं तोवर तोंड सरळ झालं होतं, बोलणं जड पण कळेल असं होतं, काठीवर भिंतीभिंतीनं चालता येत होतं. उजवा हात तेवढा मागं राहिला. मांडीवर ठेवला तर मांडीवर, उशीवर ठेवला तर उशीवर. डॉक्टर म्हणाले, "गिळायला काही अडचण नाही, घसा चांगला आहे. मऊसूत असेल ते सगळं खाऊ घाला."

खाऊ घाला म्हणणं सोपं आहे.

पहिल्याच दिवशी मी दुधात भाकरी कुस्करून ताट पुढं ठेवलं. मामांनी ताटाकडं बघितलं, मांडीवरच्या उजव्या हाताकडं बघितलं, डावा हात धोतराखाली सरकवला आणि म्हणाले, "भूक न्हाई." मी घास करून तोंडाशी नेला तर ओठ असे मिटले, की पानाच्या डबीचं झाकण बरं. सुनेच्या हातनं घास खायचा म्हणजे त्यांच्या दृष्टीनं मरणच. मग नवऱ्यानं भरवून बघितलं. तो एसटीवर ड्रायव्हर, दोन दिवस गाडीवर, एक दिवस घरी. लेकाचा हातही चालेना. "मी काय तान्हा हाय व्हय?" एवढंच.

आता डाव्या हाताचं सांगते. डावा हात कशासाठी असतो हे आपल्याकडं पोराटोरांनाही ठाऊक असतं, उघड करून सांगायला नको. त्या हातानं अन्नाला शिवायचं नाही. माझी लेक लहानपणी डावखुरी होती. भाकरीचा तुकडा दिला की डाव्या हातात घ्यायची. मामांनी तिला कधी चापट मारली नाही, ओरडले नाहीत. शेजारी बसायचे आणि तिच्या डाव्या हातातला तुकडा काढून उजव्या हातात द्यायचे. परत डाव्यात गेला की परत उजव्यात. जेवणभर हेच. दोन वर्षं! माझा जीव कातावून जायचा, त्यांचा नाही. पोरगी उजव्या हातानं जेवायला लागली तेव्हा गावभर सांगत फिरले, "नातीला वळण लावलं म्या."

तर असा माणूस डाव्या हातानं कसा खाणार? मग ते काय घ्यायचे, तर दूध, चहा, ताक. पेला डाव्या हातात धरून. ते त्यांना चालायचं. जेवताना उजवा हात खरकटा असतो, त्यामुळं पाण्याचा तांब्या डाव्या हातानंच धरतात सगळे, त्यात काही वावगं नाही. त्या पेल्यांवर चाळीस दिवस. गालाची हाडं वर आली. बंडी अंगावर लोंबायला लागली.

मी अंगणवाडीत काम करते. बावीस पोरं रोज माझ्या हातची खिचडी खातात. रडणारं खातं, रुसणारं खातं, थुंकणारंसुद्धा शेवटी खातंच. आणि घरी येऊन बघावं तर एका म्हाताऱ्यापुढं माझी अक्कल गुडघ्यात. आणखी एक गोष्ट होती, ती मी कुणाला सांगितली नव्हती. आमच्या घरात सासरा जेवल्याशिवाय सून पानावर बसत नाही. चोवीस वर्षं मी ते पाळलं. आता सासराच जेवत नाही म्हटल्यावर मी काय करायचं? चुलीपाशी उभ्याउभ्या दोन घास तोंडात कोंबायचे आणि चोरी केल्यासारखा पाण्याचा घोट घ्यायचा. मामा आतून विचारायचे, "सूनबाई, जेवलीस का?" मी म्हणायची, "व्हय मामा, आत्ताच."

महिन्यानं परत दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी वजन केलं आणि माझ्याकडं असं बघितलं, की मीच उपाशी मारतेय त्यांना. म्हणाले, "असंच उतरत गेलं तर परत नळी घालावी लागेल. दहा दिवस बघा." मी पंचांग आठवलं. दहाव्या दिवशी येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावस्या येत होती. म्हटलं, येळवस होऊ द्या, दुसऱ्या दिवशी आणतो. गाडीत नळदुर्गाच्या पुढं आल्यावर मामा म्हणाले, "परत नळी घालणार असशील तर मला घरी आणू नको."

घरी आल्यावर मी तीन वेळा अंगण झाडलं. तुळजापूरच्या आईला नवस बोलले. काय बोलले ते सांगणार नाही, फेडलेला नाही अजून.

चौथ्या दिवशी लेक आली. ती व्हिएतनामला डॉक्टरकी शिकते, तिसरं वर्ष. गावात अजून लोक विचारतात, हे व्हिएतनाम दुबईच्या अलीकडं का पलीकडं. आजोबासाठी दहा दिवसांची सुट्टी काढून आली. आल्या आल्या "आबा" म्हणत मामांजवळ गेली, त्यांचा निकामी हात हातात घेऊन बोटं एकेक करून उघडून बघितली. मामा म्हणाले, "लई वाळलीस गं." हाडाचा सापळा झालेला माणूस तिला म्हणतोय, वाळलीस! मी तिथून उठून गेले.

तिच्या बॅगेत कपड्यांपेक्षा खाण्याचीच पाकिटं जास्त. त्यातली तीन पाकिटं मला पापडाची वाटली. गोल, पांढरे, पारदर्शक, वर चटईचे वळ उमटलेले. हाताला जरा मऊ लागले. म्हटलं प्रवासात सर्दाळले. दुसऱ्या दिवशी ती झोपलेली असताना मी ते गच्चीवर जुन्या लुगड्यावर पसरून टाकले. वाळवण दिसलं की आमचा हात आपोआप उन्हाकडं जातो, त्याला इलाज नाही. तासाभरानं बघते तर सगळे आक्रसून वेडेवाकडे झालेले, हात लावला की कटकन तुटायचे.

"आई! काय केलंस हे!" लेक गच्चीवर किंचाळली.

"सर्दाळले होते, म्हणून उन्हं दाखवली. एवढं काय?"

"अगं ते तांदळाचे कागद आहेत. एकदा वाळवूनच येतात ते. पाण्यात भिजवायचे असतात, उन्हात नाही टाकायचे."

पापड पाण्यात भिजवायचा, हे मी जन्मात ऐकलं नव्हतं. शेवटी खालच्या थरातले आठ तेवढे धड निघाले. तुटके मी संध्याकाळी तळून बघितले, लई फुलले. पण तिच्या तोंडाकडं बघून मी ते कौतुक सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी चुलीपाशी बसून ती मला सांगत होती. म्हणजे ती बसली होती, मी भांडी इकडची तिकडं करत होते. ती राहते त्या घराची मालकीण सत्तरीची बाई आहे. तिच्याकडं बुटकं टेबल, त्यावर एका ताटात पाला. पुदिना, कोथिंबीर, आणि नावं माहीत नसलेली दहा पानं. एका ताटात शेवया, एकात काकडी-गाजर, आणि मधे पाण्याचं भांडं. ज्यानं त्यानं आपला कागद भिजवायचा, आपल्याला हवं ते त्यात घालायचं, वळकटी करायची, शेंगदाण्याच्या चटणीत बुडवायची आणि खायची. त्याला गोई कुऑन म्हणतात.

"आणि वाढतं कोण?" मी विचारलं.

"कुणीच नाही. वाढण्यासारखं काही नसतंच त्यात."

"मग घरची बाई काय करते?"

"ती पण बसते. सगळ्यांच्या आधी बसते. माझ्या ताटात वळकटी टाकते कधीकधी, माया आली की."

मला ते काही पटलं नाही. घरातली बाई सगळ्यांच्या आधी जेवायला बसते म्हणजे काय! पण लेकीला बोलायला विषय मिळाला होता. तिथली लोकं जे खातात ते कशात ना कशात गुंडाळलेलं असतं, म्हणाली. बान्ह कुऑन नावाचा प्रकार असतो. उकळत्या भांड्यावर फडकं ताणून बांधायचं, त्यावर तांदळाचं पीठ पळीनं पसरायचं, झाकण, आणि क्षणात पातळ पोळी तयार. ती बांबूच्या काडीनं उचलून आत सारण भरायचं. हे मात्र मी हातातलं भांडं खाली ठेवून ऐकलं. फडक्यावरची पोळी, अगं बाई! मग कुरकुरीत धिरडं असतं, ते तुकडा तुकडा पाल्यात गुंडाळून खायचं. विड्यासारख्या पानात खिमा गुंडाळून निखाऱ्यावर भाजायचा. त्यांच्या नव्या वर्षाला आख्खं घर गोल बसून पानात तांदूळ, मुगाची डाळ आणि मांस बांधतं आणि दिवसभर उकळत ठेवतं. कसलं मांस ते तिनं सांगितलं, आणि मी म्हटलं, हे आबांच्या कानावर गेलं तर तुझं शिक्षण बंद.

"आई, एकदा तरी तिथं येऊन खाऊन बघ. लई हलकं असतं गं. पोट भरतं आणि जड होत नाही." मग म्हणाली, "उद्या आबांना देऊन बघते. वळकटी एका हातात मावते. कुस्करायला नको, कालवायला नको."

येळवशीला पाच दिवस होते. मी रात्रभर कूस बदलत राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं परातीत कोमट पाणी घेतलं आणि एक कागद त्यात फिरवला. तो बघता बघता ओल्या मलमलीसारखा मऊ झाला. त्यात शेवया, वाफवून मऊ केलेलं गाजर, किसलेली काकडी, कोथिंबीर. चटणी मी केली, आपलीच शेंगदाण्याची, गूळ-चिंच घालून जरा पातळ. मामा लक्ष देऊन बघत होते. आतला रंग बाहेरून दिसतो याचं त्यांना नवल वाटलं. "काचंचं हाय का काय," म्हणाले. घरी आणल्यापासून अन्नाकडं त्यांनी पहिल्यांदा असं बघितलं होतं. मी दाराची कडी धरून उभी.

लेकीनं वळकटी त्यांच्या डाव्या हातात दिली. बोटांनी ती धरली. चटणीला टेकवली. हनुवटीपर्यंत आणली. आणि तिथं त्यांना आपला हात दिसला. कुठला हात ते दिसलं. हात तसाच खाली गेला.

"हातानं धरलं म्हंजे हातानंच खाल्लं की," ते म्हणाले.

तेव्हा लेक बोलू नये ते बोलली. म्हणाली, "आबा, मी तिथं डाव्या हातानंच खाते. काड्यांनी खातात ना, त्या मला उजव्यात धरताच येत नाहीत. तिसरं वर्ष आहे हे. मला काही झालं नाही."

मामांनी तिच्याकडं बघितलं. रागानं नाही, रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. म्हणाले, "मग म्या दोन वरसं काय केलं?" आणि भिंतीकडं तोंड करून पडले. लेक परातीपाशी बसून रडत होती. उरलेले कागद पाण्यात पडून त्यांचा लगदा झाला.

त्या दिवशी त्यांनी ताकही घेतलं नाही.

माझं डोकं फिरलं ते दुसऱ्या दिवशी. अंगणवाडीतून आले, चप्पल काढते तोवर आतून हाक आली, "सूनबाई, पाणी." मी तांब्या भरून दिला. त्यांनी डाव्या हातात तांब्या घेतला, मान मागं टाकली आणि घटाघटा प्यायला लागले. आणि माझ्या तोंडातून निघून गेलं. चोवीस वर्षांत ज्यांच्यासमोर मी आवाज चढवला नव्हता त्यांना मी म्हटलं, "मामा, ह्यो कोणता हात?"

त्यांनी तांब्या खाली घेतला.

"पाणी चालतंय डाव्या हातानं, आन् भाकरीनंच काय पाप केलंय? नळी घालून घ्यायची हाय का परत? हात बांधून घ्यायचे हायेत? सरळ सांगा तसं, आमी दोघी उगं मरायलोत का इथं?" माझा आवाज फाटला. शेजारीण दारात येऊन गेली असणार.

मला वाटलं आता काठी येते अंगावर. पण मामा न्यायनिवाडा करायला बसल्यासारखे शांतपणे म्हणाले, "उगं कायबी बोलू नको. म्या तांब्या धरलाय. हात तांब्याला लागलाय, पाण्याला न्हाई."

आतल्या खोलीच्या दारात लेक उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं. ती हळूच पुढं आली आणि त्यांच्या पायाशी बसली.

"आबा, तिथं एक प्रकार असतो. तांदळाची उकड काढायची, आत भाजी भरायची, हातभर लांब पानात गुंडाळायची आणि वाफवायची. खाताना पान वरून सोलत जायचं आणि खालून पानच धरायचं. हात पानाला लागतो. आतल्याला नाही लागत."

मामा तांब्याकडं बघत राहिले. स्वतःच्याच बोलण्यात सापडलेला माणूस कसा दिसतो ते मी तेव्हा बघितलं. हसू की रडू झालं मला. तांब्या खाली ठेवून म्हणाले, "येळवस होऊ दे. शेतात बघू."

व्हयही नाही, न्हाईही नाही. दोन दिवस मला त्या वाक्यानं कुठं टेकू दिलं नाही. शेतात बघू म्हणजे काय? खाणार की नुसतं बघणार? आणि शेतात म्हणजे शंभर डोळ्यांसमोर. येळवशीला गाव मोकळं पडतं, सगळं शिवारात. ज्वारीच्या कडब्याची कोप उभारायची, आत पाच दगडांचे पाच पांडव मांडायचे, आंबील-भज्जीचा निवद दाखवायचा आणि बांधावरनं जाणाऱ्या प्रत्येकाला हाका मारमारून जेवायला बसवायचं. घरात जो माणूस लेकाच्या हातनं खात नाही तो तिथं काय खाणार! मी लेकीला म्हटलं, "नको शेतात, घरीच राहू." ती म्हणाली, "आई, त्यांनी जागा ठरवली आहे. त्यांचं त्यांना ठरवू दे."

केळीची पानं एकाच्या विहिरीवरनं आणली. लेक ती विस्तवावरनं फिरवायची, म्हणजे पान फाटत नाही, चामड्यासारखं वळतं. तिथला चिकट तांदूळ इथं कुठला? रेशनचा घेतला. आयुष्यभर ज्याच्या गिचक्या भाताला शिव्या घातल्या, तो दळून उकड काढल्यावर असा मऊ चिकट झाला, की लेक म्हणाली, माझ्या घरमालकिणीला हा नेऊन द्यायला पाहिजे. आत काय भरायचं? मी म्हटलं, येळवस आहे, भज्जीच भरायची. भज्जी म्हणजे आमची येळवशीची भाजी. तूर, वाटाणा, हरभरा, वाल, मेथी, चिंचेचं पाणी आणि बेसन, सगळं एकत्र शिजवून घट्ट केलेलं. त्यातले दाणे तिनं चमच्यानं चेचून घेतले. येळवशीला पहाटे दोघींनी मिळून तीस पुड्या बांधल्या. ती एक बांधायची तेव्हा मी तीन बांधायची, आणि माझ्या तीन तिला परत सोडून बांधाव्या लागायच्या. "आई, हळू. ही घाईनं होणारी गोष्ट नाही," ती म्हणायची. केळीच्या सोपटाची दोरी आणि वर सुरगाठ. चाळणीत वाफवल्यावर घरभर पानाचा वास सुटला.

मामा बैलगाडीतून शेतात गेले. मोटारसायकलवर मधे बसवून नेतो, असं नवरा म्हणाला ते त्यांना आवडलं नाही. आंबिलीचा माठ मी डोक्यावर घेतला होता. कोपीपाशी घोंगडीवर त्यांना टेकून बसवलं. दर वर्षी ते स्वतः शेतभर आंबील शिंपत फिरायचे, या वर्षी माझ्या नवऱ्यानं शिंपली. मामा बसल्या जागेवरून ओरडून सांगत होते, "त्या कोपऱ्यात शिंप की! तो कोपरा काय सवतीचा हाय व्हय?"

दुपार झाली. माणसं येत गेली, बसत गेली. मामांच्या वयाचा त्यांचा एक दोस्त आहे, दोघांनी मिळून मेंढरं राखलेली. तो येऊन त्यांच्या समोरच बसला. पंगत बसली, मी वाढत होते. लेकीनं मामांसमोर पत्रावळ ठेवली आणि वर एक पुडी. बाकीच्या पुड्या सगळ्यांना एकेक. "नातीच्या कॉलेजच्या गावचं हाय," मामांनी दोस्ताला सांगितलं. आवाजात थोडा तोरा होता. मी आंबिलीची कासंडी हातात घेऊन तिथंच थबकले.

मामांनी डावा हात पुढं केला. दोरीचं टोक चिमटीत धरलं आणि ओढलं.

दोरीबरोबर आख्खी पुडीच सरकत त्यांच्या मांडीपाशी आली.

परत पत्रावळीवर ठेवली. परत ओढली. परत आली.

एक डॉक्टर होणारी आणि एक बावीस पोरांच्या चड्ड्यांच्या नाड्या सोडणारी, अशा आम्ही दोघी शहाण्या. आणि एका हातानं गाठ सुटत नाही हे दोघींच्याही डोक्यात आलं नव्हतं! कारण घरी आम्ही ती दोन हातांनी बांधली होती आणि दोन हातांनी सोडून बघितली होती. समोरचा दोस्त खाली बघून आपलीच पुडी चिवडायला लागला. पंगतीतलं बोलणं थांबलं. मामांच्या कपाळावर घाम आला. मला कळलं, आता पुढं केलेला हात धोतराखाली जाणार आणि उद्या नळी. मी कासंडी ठेवून धावले, तर लेकीनं माझा पदर गच्च धरला.

"जाऊ नको आई."

"अगं सोड, मी सोडून देते फक्त—"

"जाऊ नको म्हणते ना."

मामांनी आम्हा दोघींकडं बघितलंही नाही. त्यांनी डाव्या हातानं मांडीवरचा उजवा हात मनगटाला धरून उचलला. उचलून पुढं आणला आणि पुडीवर ठेवला, दारात दगड ठेवावा तसा. बोटं वाकडी पडली होती, ती एकेक करून पानावर सरळ केली. मग डाव्या हातानं दोरीचं टोक धरलं आणि ओढलं. पुडी हलली नाही. सुरगाठ सुटली.

पान उलगडलं, वाफ आली. त्यांनी पान खालून धरलं आणि पुडी तोंडापाशी नेली. बोटं फक्त पानाला. पहिला घास घेतला. चावायला त्यांना वेळ लागला, दात थोडेच आहेत. गिळल्यावर दोस्ताकडं बघून म्हणाले, "उजव्या हातानं धरून सोडलंय. बघितलंस नव्हं?"

"बघितलं की," दोस्त म्हणाला. "मीठ कसंय?"

"मीठ बरं हाय. मिरची कमी पडली सुनंची."

मग पंगतीत सगळे एकदम बोलायला लागले. मी तशीच उभी. म्हटलं, चला, आंबील वाढावी, काहीतरी करावं. कासंडी उचलायला वाकले तर मामांचा आवाज आला.

"सूनबाई, बस."

"बसते मामा, ह्यांची आंबील—"

"आंबील घेत्यात त्यांची ती. बस म्हणलं ना." ते दुसरा घास चावत होते. "चाळीस दिस झाले, तू उभ्यानं खायलीस. आत्ताच जेवले म्हणून सांगायलीस. मला चुलीपाशी ताट वाजल्यालं ऐकू येत न्हाई व्हय?"

मी बसले. खाली काळ्या मातीतच बसले, घोंगडीपर्यंत जायचंही सुचलं नाही. लेकीनं माझ्यासमोर एक पुडी ठेवली. पंगतीत, गड्यामाणसांच्या देखत, सासऱ्याच्या समोर मी पहिल्यांदाच जेवायला बसले होते. दोरी ओढली. घाईत भलतंच टोक ओढलं गेलं आणि सुरगाठीची निरगाठ झाली. आणखी ओढली तर आणखी आवळली. डोळ्यांत पाणी, पुढचं काही दिसेना. दोन्ही हात धड असून मला ती पुडी सुटेना.

"आण इकडं," मामा म्हणाले.

मी पुडी त्यांच्यापुढं सरकवली. त्यांनी आपलं पान बाजूला ठेवलं, उजवा हात उचलून माझ्या पुडीवर ठेवला आणि डाव्या हाताच्या नखानं गाठ उकरायला लागले. वेळ लागला. मी बसून राहिले.